एचआयव्हीबद्दल सांगावे ते कुणाला आणि केव्हा?

प्रश्न : माझे वय ३६ आहे. आठ महिन्यांपूर्वी एका लहानशा शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीत मला एचआयव्हीची लागण असल्याचे कळले. लगेच औषधे सुरू झाली. ती मी एकही दिवस न चुकवता घेते आणि सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, ‘आढळला नाही’ असा अहवाल आला. औषधे अशीच चालू राहिली तर माझ्यापासून जोडीदाराला लागण होणार नाही, असे डॉक्टर सांगतात. गेल्या काही महिन्यांत एका व्यक्तीशी माझी ओळख वाढली आहे. आमच्यात अजून शारीरिक संबंध आलेले नाहीत, पण तो आता पुढच्या आयुष्याबद्दल, मुलांबद्दल बोलू लागला आहे. त्याला सांगू का, आणि सांगायचे तर केव्हा? लवकर सांगितले तर निघून जाईल, उशिरा सांगितले तर फसवले म्हणेल. धोकाच उरलेला नसेल तर सांगायचे तरी कशाला, असेही मनात येते. याआधीचे माझे चार वर्षांचे नाते दोन वर्षांपूर्वी संपले, त्यानंतर कुणाशीही संबंध आलेला नाही. थोरल्या बहिणीला सांगावेसे वाटते, पण तिच्या पोटात काही राहत नाही. कार्यालयात सांगणे बंधनकारक असते का? पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, तिथल्या अर्जात आजारांची माहिती विचारतात. तिथे काय लिहू? कोणाला सांगायचे राहिले आणि कोणाला सांगितले तर काय होईल, हाच हिशेब रात्रभर डोक्यात चालू असतो.

उत्तर : आठ महिने औषधे न चुकवता घेणे, पहिल्या धक्क्यातून सावरून व्हायरल लोड इतका खाली आणणे आणि हे सगळे जवळजवळ एकटीने करणे सोपे नसते. सर्वांत अवघड काम तुम्ही आधीच केले आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

तुमच्या पत्रातली सगळी माणसे तुमच्या मनात एकाच यादीत आहेत आणि त्या प्रत्येकाचे आपण सारखेच देणे लागतो, असे तुम्हाला वाटते आहे. तसे मुळीच नाही. मी इतकेच पाहते की, तुमच्या एचआयव्हीच्या माहितीवर या माणसाचा एखादा असा निर्णय अवलंबून आहे का, जो नंतर फिरवता येणार नाही. असेल, तर तो निर्णय घेण्याआधी ती माहिती त्याच्या हातात असायला हवी. नसेल, तर सांगणे किंवा न सांगणे सर्वस्वी तुमच्या गरजेवर आणि इच्छेवर सोडलेले आहे, आणि न सांगण्यात लपवाछपवीचा दोष अजिबात येत नाही. या कसोटीला लावून पाहिले की यादी बरीच लहान होते.

मात्र या कसोटीवर सर्वांत आधी जो माणूस येतो, त्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही. दोन वर्षांपूर्वी संपलेल्या नात्याचा उल्लेख तुम्ही एका ओळीत करून पुढे गेला आहात. चार वर्षे तुम्ही ज्याच्यासोबत होता त्याने तपासणी केली आहे की नाही, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. एचआयव्हीची लागण झाल्यावर बहुतेकांना अनेक वर्षे कोणताही त्रास जाणवत नाही, आणि उपचार न घेतल्यास एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला सरासरी ८ ते १० वर्षे लागतात. तो बाधित असेल आणि त्याला ते ठाऊक नसेल, तर आज तो धडधाकट दिसत असला तरी त्याची प्रतिकारशक्ती हळूहळू खचत असेल. त्याच्या आयुष्यात आता दुसरे कोणी असेल, तर प्रश्न त्या व्यक्तीचाही आहे. लवकर कळण्याने किती फरक पडतो हे ३५ देशांत झालेल्या ‘स्टार्ट’ या चाचणीत २०१५ मध्ये स्पष्ट झाले. ज्यांनी प्रतिकारशक्ती चांगली असतानाच औषधे सुरू केली, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू यांचे प्रमाण, थांबून उपचार घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणून तुम्ही ज्याच्यासाठी रात्री जागता आहात तो प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्याला कळवण्याचे काम करा.

ते तुम्हीच समोर बसून केले पाहिजे असे नाही. तुम्ही जिथे उपचार घेता तिथल्या समुपदेशकांना सांगा की पूर्वीच्या जोडीदाराला कळवायचे आहे. जोडीदाराला कळवण्याच्या कामात आरोग्यसेवकांनी मदत द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच केली आहे, मात्र ती बाधित व्यक्तीच्या संमतीने. जिथे अशी सोय आहे तिथे आरोग्यसेवक त्या व्यक्तीशी संपर्क साधून, तुमचे नाव न घेता, फक्त इतकेच सांगतात की तुम्हाला संसर्गाचा धोका झालेला असू शकतो, तेव्हा तपासणी करून घ्या. तुमच्याशी तो चार वर्षे एकनिष्ठ राहिला असेल तर नाव न सांगताही तो अंदाज करेल, ही शक्यता मी तुमच्यापासून दडवत नाही. तरीही समोरासमोरच्या भेटीपेक्षा हा मार्ग बरेचदा सुसह्य ठरतो. नात्यात मारहाण किंवा धमक्या होत्या असे असेल, तर प्रत्यक्ष भेटण्याचा विचारही करू नका आणि समुपदेशकांना ते आधीच स्पष्ट सांगा.

स्वतः बोलायचे ठरवले, तर ‘तुझ्यामुळे झाले’ किंवा ‘माझ्यामुळे तुला झाले असेल’ यांपैकी एकही वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ज्याचा अहवाल आधी आला त्याच्याकडूनच लागण आली, असा निष्कर्ष निघत नाही. आधी कळण्याचा अर्थ एवढाच की तपासणी आधी झाली. ‘माझी तपासणी पॉझिटिव्ह आली आहे, तूही तपासून घे, उपचार आहेत आणि ते चांगले आहेत’ एवढे पुरे. दोष कुणाचा, या चर्चेत शिरलात तर तपासणीचा मुद्दा बाजूला पडतो, आणि तुम्ही फोन केला होता तो त्याच एका मुद्द्यासाठी.

आता ज्या माणसामुळे तुम्ही पत्र लिहिले, त्याच्याबद्दल.

‘धोकाच उरलेला नसेल तर सांगायचे कशाला’ हा प्रश्न तुम्ही जरा संकोचाने विचारला आहे. संकोचण्यासारखे त्यात काही नाही. डॉक्टरांनी जे सांगितले ते खरे आहे आणि त्यामागे भक्कम पुरावा आहे. ‘पार्टनर’ या युरोपातील अभ्यासात, एक जोडीदार बाधित व उपचारांवर आणि दुसरा बाधित नाही, अशी शेकडो जोडपी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध येऊनही, व्हायरल लोड दबलेला असलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये, सुमारे ७६,००० वेळांनंतरही आकडा शून्यच राहिला. तो टप्पा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केले की, औषधे नियमित घेणाऱ्या आणि व्हायरल लोड आढळत नसलेल्या व्यक्तीकडून लैंगिक जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य आहे. एक बारकावा मात्र पाळायला हवा. तुमचा असा अहवाल आतापर्यंत एकच आला आहे, आणि अनेक ठिकाणचे डॉक्टर पहिल्या अहवालानंतर ही स्थिती आणखी काही महिने टिकल्याची खात्री करून घेतात. पुढच्या तपासणीपर्यंत कंडोम वापरणे योग्य, आणि औषधे थांबली तर काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतो, हेही पक्के लक्षात असू द्या. सुया किंवा सिरिंज वाटून घेण्याला हा दिलासा लागू होत नाही.

मग सांगायचे कशाला? केवळ संसर्गाच्या धोक्याचाच प्रश्न असता, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. एखाद्या क्षणिक ओळखीत, व्हायरल लोड दबलेला असताना आणि काळजी घेतलेली असताना, कुणी बोलले नाही तर मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. तुमच्यासमोरचा माणूस मात्र तुमच्याबरोबर आयुष्य आखू पाहतो आहे. तुम्ही रोज एक गोळी घेणार आहात, ठरावीक काळाने तपासणीला जाणार आहात, गरोदरपणाची आखणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करणार आहात, बाळाच्या दुधाचा निर्णयही त्यांच्याशी बोलून घेणार आहात. हे सगळे एका घरात राहून वर्षानुवर्षे लपवायचे म्हणजे गोळ्यांची बाटली कपड्यांखाली ठेवायची, तपासणीच्या दिवशी खोटे कारण शोधायचे, प्रवासात डोस चुकवायचा. पाहण्यात असे येते की लपवाछपवीमुळेच गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की ज्या ‘धोका नाही’ या आधारावर गप्प राहिलो तो आधारच निसटतो. शिवाय तुमच्याबरोबर संसार आणि मुले हा न फिरणारा निर्णय आहे आणि तो घेणाऱ्याला ही माहिती मिळायला हवी. त्याला संरक्षण देण्यासाठी ही माहिती द्यावी असे मी म्हणत नाही, कारण ते तुमची औषधे करतच आहेत. तो तुमच्या आयुष्यात भागीदार होऊ पाहतो आहे, म्हणून ती द्यावी.

वेळेबद्दल बोलायचे, तर पहिल्या-दुसऱ्या भेटीत सांगण्याची काही गरज नव्हती आणि तुम्ही सांगितले नाही ते बरोबरच केले. ज्या माणसाचा स्वभाव आपल्याला माहीत नाही, त्याच्या हाती इतकी नाजूक माहिती देणे शहाणपणाचे नाही. पण उलट टोकही टाळायला हवे. शारीरिक जवळिकीच्या ऐन क्षणी सांगू नका, कारण तेव्हा समोरच्याला विचार करायला उसंत नसते आणि तुम्हालाही सुरक्षित वाटत नाही. घरच्यांपर्यंत गोष्ट जाऊन सगळे ठरल्यानंतरही सांगू नका. तेव्हा ‘आधी का नाही सांगितलेस’ हा प्रश्न एचआयव्हीपेक्षा मोठा होऊन बसतो. या दोन्हींच्या मधला काळ तुमच्यासमोर आत्ता चालू आहे. तो मुलांबद्दल बोलू लागला, म्हणजे त्याच्या मनात निर्णय घडू लागला आहे. संबंध आलेले नाहीत, म्हणजे ‘मला लागण झाली असेल का’ ही भीती त्या संभाषणात येणार नाही. याहून सोयीची वेळ क्वचितच मिळते. पुढच्या व्हायरल लोडचा अहवाल येईपर्यंत थांबू, मग त्याच्या कामाचा ताण संपेपर्यंत थांबू, अशी मुदत वाढत गेली तर ती वाढतच जाते. म्हणून मी म्हणेन, येत्या दोन-तीन आठवड्यांत.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो देशागणिक बदलतो. काही देशांत संबंधांपूर्वी न सांगणे हाच गुन्हा ठरू शकतो, प्रत्यक्ष लागण झाली नसली तरीही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असा निकाल दिला की व्हायरल लोड कमी असणे आणि कंडोम वापरणे या दोन्ही गोष्टी असतील तर सांगण्याची कायदेशीर सक्ती नाही. भारताचा २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, प्रसार टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यायला सांगतो आणि आधी सांगणे हा त्या काळजीचा एक प्रकार मानतो. सांगितल्यामुळे हिंसा होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असलेल्या स्त्रियांचा विचारही त्यात केलेला आहे. अनेक कायदे विज्ञानाच्या मागे राहिले आहेत, आणि म्हणूनच २०१८ मध्ये जगभरातील २० शास्त्रज्ञांनी एकत्र निवेदन काढून न्यायालयांना संसर्गाच्या खऱ्या धोक्याचा विचार करण्याचे आवाहन केले. तुम्ही जिथे राहता तिथला नियम समुपदेशकांकडून किंवा वकिलाकडून एकदा समजून घ्या.

सांगायचे कसे, याला माझ्या मते केव्हा सांगायचे याइतकेच महत्त्व आहे. जागा अशी निवडा की आजूबाजूला कुणाचे कान नसतील, पण हवे तेव्हा तुम्हा दोघांनाही उठून जाता येईल. दिवसाची वेळ बरी. मेसेजवर किंवा ईमेलवर सांगू नका, कारण लिहिलेला मजकूर पुढे पाठवायला एक क्षण पुरतो आणि तो परत घेता येत नाही. सुरुवातीलाच एक गोष्ट मागून घ्या : ‘मी आता जे सांगणार आहे ते माझ्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचे नाही, हे चालेल ना?’ मग फार प्रस्तावना न करता सांगा. ‘मला एचआयव्ही आहे. आठ महिन्यांपूर्वी कळले. रोज औषध घेते, आता रक्तात विषाणू आढळत नाही आणि अशा स्थितीत तो जोडीदाराला होत नाही. मुलेही होऊ शकतात. तुला जे विचारायचे असेल ते विचार, आज सुचले नाही तर नंतर विचार.’ एवढे बोलून थांबा. ‘आता तू मला सोडून जाशील ना’ असे स्वतःहून म्हणू नका. त्याच्या मनात जो विचार अजून आलेलाही नाही तो तुम्ही त्याच्या हातात देता, आणि मग पुढचे बोलणे एचआयव्हीवरून घसरून तुम्हाला धीर देण्याकडे जाते. व्हायरल लोडचा अहवाल जवळ ठेवा. अनेकांना ऐकलेल्यापेक्षा छापलेल्या ओळीवर लवकर विश्वास बसतो.

प्रश्न येतील, त्यांची थोडी तयारी असू द्या. स्पर्शाने, चुंबनाने, एकत्र जेवल्याने, एकच स्नानगृह वापरल्याने एचआयव्ही होत नाही, म्हणून आतापर्यंतच्या ओळखीत त्याला काळजी करण्यासारखे काही नाही. तरीही मनाच्या समाधानासाठी त्याला तपासणी करावीशी वाटली तर करू द्या, त्याचा अपमान मानू नका. पुढे संबंध आल्यावरही त्याच्या मनात धाकधूक राहिली, तर लागण टाळण्यासाठी बाधित नसलेल्या व्यक्तीने घ्यायचे ‘प्रेप’ हे औषध उपलब्ध आहे. मुलांबद्दल तो नक्की विचारेल. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, आणि आई-बाळ दोघांना योग्य औषधे मिळाली की ते ५ टक्क्यांच्या खाली येते. गर्भधारणेपूर्वीपासून आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर ते १ टक्क्याहूनही कमी असते. आणि ‘तुला हे कुणाकडून झाले’ हा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर देणे तुम्हाला बंधनकारक नाही. ‘त्याबद्दल मी पुढे कधीतरी बोलेन, आज नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. तुमचा आजार ही त्याच्या निर्णयाशी जोडलेली माहिती आहे, तुमचे पूर्वायुष्य तसे नाही.

तो गप्प झाला तर त्या शांततेचा लगेच अर्थ लावू नका. तुम्हाला स्वतःला हे पचवायला किती दिवस लागले ते आठवा, त्यालाही तितकाच अवधी लागेल. ‘पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दोघे मिळून भेटू या, तुझे प्रश्न त्यांनाच विचार’ असे तुम्ही सुचवू शकता. अशा एका भेटीत पुष्कळ गैरसमज निघून जातात, कारण तिथे उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नसते. तो नाही म्हणाला, तर वाईट वाटेल आणि मी ते कमी करून सांगणार नाही. पण ते दुःख एका नात्याचे असेल, त्यावरून पुढची सगळी नाती अशीच जातील असा निकाल काढू नका. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी कितीतरी जोडपी संसार करत आहेत आणि वर दिलेल्या अभ्यासांत त्यांच्याच अनुभवाची नोंद आहे. मात्र त्याच्या बोलण्यात रागाचे झटके, हात उगारणे, तुमच्यावर ताबा ठेवण्याची सवय असे काही आधीच दिसले असेल, तर मी वर सांगितलेले वेळापत्रक सगळे बाजूला ठेवा. अशा माणसाला एकटीने सांगू नका, आणि आधी हे नाते पुढे न्यायचे का, याचाच विचार करा. सांगितल्यानंतर त्याने ‘मी लोकांना सांगेन’ अशी धमकी दिली, तर त्याच्याशी वाद घालू नका, मेसेज जपून ठेवा आणि समुपदेशकांमार्फत कायदेशीर मदत घ्या.

बहिणीबद्दलचे उत्तर तुम्हीच लिहिले आहे. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही वर्षानुवर्षांच्या अनुभवाने जाणता, आणि प्रेम असणे व गुप्तता पाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा सांगितलेले परत घेता येत नाही. टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांना १९८८ मध्ये आपल्या लागणीबद्दल कळले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या रक्तातून ती आली असावी, असे मानले गेले. त्यांनी मोजक्या विश्वासू माणसांना सांगितले आणि त्या माणसांनी तीन वर्षांहून अधिक काळ ते जपले. शेवटी एक वृत्तपत्र बातमी देण्याच्या बेतात आहे असे दिसल्यावर, एप्रिल १९९२ मध्ये त्यांना मनाविरुद्ध जाहीर करावे लागले. वेल्सचे रग्बी कर्णधार राहिलेले गॅरेथ थॉमस यांनी २०१९ मध्ये जाहीर केले, तेही कुणी आधी फोडेल या दबावाखाली, आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंत ते एका पत्रकाराकडून पोहोचले होते, असे त्यांनी सांगितले. आपल्या माणसांना आपण स्वतः सांगण्याचा हक्क हिरावला जाणे किती जिव्हारी लागते, हे या उदाहरणांत दिसते. म्हणून घाई नको.

पण तुम्हाला कुणीतरी हवे आहे, हे तुमच्या शेवटच्या वाक्यावरून स्पष्ट दिसते, आणि ती गरज मी हलकी मानत नाही. पहिला माणूस बहिणीऐवजी दुसरा निवडा : समुपदेशक, एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा आधारगट किंवा ज्याच्याकडे एखादे गुपित पूर्वी सुरक्षित राहिले आहे असा मित्र किंवा मैत्रीण. पुढे कधी बहिणीला सांगायचे ठरवलेत, तर एक गोष्ट आवर्जून करा. ‘हे आणखी कोणाला माहीत आहे’ ते तिला सांगा, म्हणजे मन जड झाले तर ती त्या व्यक्तीशी बोलू शकेल. ‘कुणालाही सांगू नकोस’ एवढेच सांगितले तर ते ओझे तिला एकटीला पेलत नाही, आणि गुपिते बहुतेक वेळा अशा जडपणातूनच बाहेर पडतात, दुष्टपणातून नव्हे.

कार्यालयात सांगण्याची तुमच्यावर सर्वसाधारणपणे कोणतीही सक्ती नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या २०० क्रमांकाच्या शिफारशीत, कामगाराला एचआयव्ही तपासणी करायला किंवा आपली स्थिती उघड करायला भाग पाडू नये असे स्पष्ट म्हटले आहे. रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागले तर आजाराचे नाव न लिहिता देण्याची विनंती डॉक्टरांना करा. तुम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यकीय व्यवसायात असाल तर तिथले नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. विम्याच्या अर्जात थेट प्रश्न असेल तर खोटे उत्तर देऊ नका, कारण पुढे दावा नाकारला जाण्याची भीती असते, आणि रक्तदान यापुढे करू नका.

राहिला दातांच्या डॉक्टरांकडचा अर्ज. तिथे सांगा, आणि कारण तुमच्यापासून त्यांना धोका हे समजू नका. प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे, निर्जंतुक उपकरणे ही काळजी त्यांनी घ्यायचीच असते, रुग्णाने काही सांगितले असो वा नसो. कारण तुमच्या औषधांचे आहे. डोल्यूटेग्राविर हे एचआयव्हीवरचे औषध कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्यांबरोबर घेतले तर नीट शोषले जात नाही, आणि रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या एचआयव्हीच्या औषधांबरोबर गुंगी आणणारी व स्टिरॉइड गटातली काही औषधे देणे धोक्याचे ठरू शकते. तुमच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून न्या. अर्ज बाहेर खिडकीशी भरायचा असेल आणि तो चार जणांच्या नजरेला पडणार असेल, तर त्या रकान्यात ‘डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलायचे आहे’ एवढेच लिहा आणि आत खुर्चीत बसण्यापूर्वी, दार लावून घेतल्यावर, त्यांना सांगा व कागद द्या. एचआयव्हीचे नाव ऐकून कुणी उपचार नाकारले, तर तसे करण्याला वैद्यकीय आधार नाही. तुमच्या एचआयव्हीच्या डॉक्टरांकडून दुसऱ्या दंतवैद्याचे नाव घ्या, आणि नकाराची तारीख व नाकारणाऱ्याचे नाव नोंदवून ठेवा. पुढे तक्रार करायची ठरवलीत तर ती नोंद लागेल.